जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार केलेली जुनी पिकअप विकणें आहे' अशा जाहिराती अमेरिकेंत नित्य दिसतात. फोर्ड कंपनीनें कारखान्यांतूनच पाठीमागें हौदा बसवून 'मॉडेल टी' गाडी प्रथम १९२५ सालीं २८१ डॉलरांस विकावयास काढली. अवघें २० अश्वशक्तीचें एंजिन. पेट्रोल बैठकीखालच्या टांकींतून केवळ आपल्या भारानें एंजिनांत उतरे. म्हणून टांकींत तें कमी असलें, कीं उभा चढ पाठमोऱ्या गाडीनें चढावा लागे! शेतकऱ्याचें हें राबतें वाहन आज हौशी संग्राहकांच्या दारीं लखलखतें.

'जीर्णोद्धार' हा शब्द मात्र विक्रेत्यानें जपून वापरावा, असें आम्हांस वाटतें. देवळाच्या जीर्णोद्धारांत गाभाऱ्यांतील देव तोच राहतो. येथें हौदा नवा, चाकांचे लाकडी आरे नवे, एंजिनही भलत्याच गाडीचें, असा प्रकार घडूं शकतो. मॉडेल टीचा क्रमांक एंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावरच ठोकलेला असे. घेणारानें प्रथम तो कागदपत्रांशीं ताडावा. मग खिशांतील लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावा. जेथें तो धरीत नाहीं, तेथें रंगाखालीं लांबी भरलेली समजावी. इतक्यानें विक्रेत्यास राग आलाच, तर त्यास नमस्कार करून परतावें.