मॉरिशसची मोटार आणि आपला ऊस



आमचा ऊस कारखान्याच्या गटात आणि बिऱ्हाड कुळगावला, अशी गेली काही वर्षं आमची स्थिती आहे. मुलगा नोकरीनिमित्त बदलापूर स्टेशनाजवळ राहतो. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून आम्हीही तिथंच. परवा नातवानं जुनी मोटार घेतली. नारळ फुटला, पेढे झाले, आणि आठवड्यातच कुरकुर सुरू. "आबा, तुमच्या उसानं माझ्या गाडीचं ॲव्हरेज घालवलं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालतात आता." आम्ही म्हटलं, "बाबा रे, तुझ्या बापाची फी कुठल्या बिलातून भरली ते विचार त्याला."

हसण्यावारी गेलं. पण पोराचं अगदीच खोटं नाही. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं घटणारच. म्हणजे एकाच घरात ऊस घालणारा एक आणि पेट्रोल भरणारा एक. पेट्रोल भरणारा म्हणतो, माझा तोटा झाला. ऊस घालणाऱ्याचा फायदा झाला असेल, तर तो बिलात दिसत का नाही?

या विचारात असताना आम्हाला मॉरिशस आठवलं. हिंदी महासागरातला तो टीचभर देश. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या शिरगणतीत एकट्या कल्याण-डोंबिवलीची होती साधारण तेवढीच. तिथं ऊस आहे आणि मराठी माणूसही आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले लोक होते. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते.

आता या देशात मोटारी किती? सहा लाखांहून जास्त, दोन माणसांमागं एक गाडी म्हणा ना. आणि कारखाने? मोटारीचा एकही नाही. असणार तरी कसा, एवढ्याशा गिऱ्हाइकावर कोण कारखाना टाकील? आपल्याकडं वालचंद हिराचंदांनी १९३३ साली रावळगावला साखर कारखाना काढला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. आमच्या लोकलच्या वाटेवरच्या कुर्ल्यातून पुढं फियाट अन् पद्मिनी बाहेर पडल्या. उसाचा धंदा जाणणारा माणूस मोटारीत उतरला, कारण समोर अख्खा देश गिऱ्हाईक होता. मॉरिशसला ती सोय नाही. इंग्रजांमुळं गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, जपानातही तसंच. म्हणून जपानची वापरलेली गाडी आणायची, झाडून-पुसून विकायची, हा तिथला मोठा धंदा. बसगाड्या पुष्कळशा आपल्या अशोक लेलँडच्या. पेट्रोल-डिझेलही बाहेरचंच, २००७ पासून बरीच वर्षं ते आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून जात होतं.

ऊस पिकवून साखर परदेशी पाठवायची आणि आलेल्या पैशातून गाडी अन् तिचं तेल विकत घ्यायचं, असा हा व्यवहार. युरोपनं १९७५ च्या करारानं साखरेला चांगला, बांधलेला भाव दिला होता, तोवर तो भागला. २००६ पासून भाव उतरवायला सुरुवात झाली, एकूण ३६ टक्के, आणि २००९ ला करारच संपला. २००५ च्या सुमारास अकरा साखर कारखाने होते. २०१९ ला मेदिनचं गाळप थांबलं आणि तीन उरले.

मोटारी मात्र कमी झाल्या नाहीत. हे आम्हाला फार बोचतं. ऊस मागं पडला, तरी त्याच्या जिवावर लागलेली सवय राहिली.

२०२२ साली तिथल्या सरकारनं विजेच्या गाड्यांना कर माफ करून वर सवलतही दिली. ऐकायला छान. पण वीज कुठली? बहुतांश कोळशाची आणि तेलाची, दोन्ही आयात. स्वतःची म्हणावी अशी वीज आहे ती मुख्यतः बगॅसची. बेल व्ह्यूसारखं केंद्र गळीत हंगामात बगॅस जाळतं आणि हंगाम संपला की कोळसा. म्हणजे तिथल्या मोटारीला उसाचा काही हातभार लागतोच, तो चिपाडातून!

आणि त्या चिपाडाचा पैसा कोणाचा, यावर तिथले लहान बागायतदार वर्षानुवर्षं भांडले. ऊस आमचा, मग विजेचं बिल कारखानदाराच्या खिशात का? १९९४ साली शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट निघाला आणि बागायतदार-कामगारांना गिरण्यांमध्ये वीस टक्के भाग मिळाला. बगॅससाठीही अखेर सरकारला दर बांधून द्यावा लागला. लक्षात घ्या, तिथले कारखाने खाजगी. बागायतदार मालक नव्हते, तरी विचारत राहिले.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं आणि पुढं त्याचं तेल समुद्रात पसरलं. तेव्हा लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि पाण्यावर बांध घातला. आपण जे पाचट काडी लावून मोकळे होतो, ते!

आता आपलं. २००१ साली इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग देशात झाले, त्यांत मिरज आणि मनमाड होती. म्हणजे यात आपण पहिल्यापासून आहोत. पण ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं एका आदेशानं उसाच्या रसाचं इथेनॉल थांबवलं. पुढं ते सैल केलं, तोवर मका-तांदळाचं इथेनॉल उसाच्या पुढं निघून गेलं होतं. रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ ला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे ठरला, तो २०२४-२५ लाही तोच. त्याच काळात एफआरपी टनाला ३,०५० वरून ३,४०० झाली. कारखान्याची ओढाताण आम्हाला कळते. संचालक मंडळाला उगाच दूषण देण्याचा हेतू नाही.

पण कायदा सांगतो की साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातले सत्तर टक्के उसाला, किंवा नुसत्या साखरेतले पंचाहत्तर. यातला कोणता हिशेब आपल्याला लावला, आणि मळी व रस डिस्टिलरीकडे वर्ग करताना कोणता भाव धरला, हे अहवालात सरळ मराठीत, एका पानावर छापायला काय हरकत आहे? मॉरिशसचा बागायतदार परक्या गिरणीच्या दारात हे विचारतो, आणि आपण स्वतःच्या कारखान्याच्या सभेत जेवणाची पंगत कधी बसते त्याकडं डोळे लावून असतो.

आमचा हा प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी लेखी पाठवला आहे. नातवाच्या गाडीतून येणार आहोत, पेट्रोलचे पैसे आम्ही देणार या अटीवर.