फाटतो तो ढोल नव्हे

ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग फाटलं की दोष वाजवणाऱ्याचा, असा आपल्याकडे एक अलिखित कायदा आहे. मला तो मुळीच मान्य नाही. ढोल मोठ्यानं वाजतो, कारण तो ढोल आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचंच तर माइकचा नाजूक आवाज वाढवणाऱ्या त्या प्रीअँपला करा. आणि शेजारी, बटणावर बोट ठेवून बसलेल्या तज्ज्ञालाही.

हे तज्ज्ञ गणपतीच्या आधी पुण्यात नदीकाठच्या सरावाला स्टुडिओतला कंडेन्सर माइक घेऊन येतात. माइक भारी, वादच नाही. ९४ डेसिबलच्या ज्या आवाजाला साधा डायनॅमिक माइक दोनेक मिलिव्होल्ट देतो, त्याला हा पंचवीस-तीस देतो. ताशाच्या तोंडाशी ११४ डेसिबल सहज भरतात. तिथं हा पाव व्होल्टाच्या वर गेलेला असतो. कुजबुज शंभरपट करायला बसवलेल्या प्रीअँपनं त्याचे पंचवीस-तीस व्होल्ट आणायचे कुठून? बिचारा लाटांचे शेंडे छाटून मोकळा होतो.

मग तज्ज्ञ फेडर खाली ओढतात. काटा शहाण्यासारखा उणे १२ वर येतो आणि हे निर्धास्त! अहो, फेडर प्रीअँपच्या नंतर असतो. धोतराची घडी लहान केली म्हणून त्याचं भोक बुजतं का?

गेल्या वर्षी सत्तरीच्या एका ताशेवाल्या काकांना असंच बसवलं होतं. "काका, जरा हळू घ्या," तज्ज्ञ म्हणाले. "हळू घ्यायला ही काय अंगाई आहे?" म्हणून काकांनी अर्धा तास असा काही हात चालवला की पथकातली पोरं ढोल विसरून बघत राहिली. रेकॉर्डिंगमध्ये मात्र पत्र्यावर खडी ओतल्याचा आवाज. "कॉम्प्युटरवर दुरुस्त करू." करा की! छाटलेला शेंडा कसा होता याचा कॉम्प्युटर फार तर अंदाज करील. काकांचा हात कुठून आणणार? खांदा धरतो म्हणून यंदा त्यांनी ताशा गळ्यात घेतलेलाच नाही.

आणि हे सगळं एका पॅडपायी. माइक आणि प्रीअँपच्या मध्ये लावायची बोटभर नळी. २० डेसिबलची असली की व्होल्ट दहाव्या हिश्शावर. कंडेन्सरला लागणारे ४८ व्होल्ट तिच्यातून पलीकडे जातात ना, एवढं पाहून घ्यावं. माइकच आतून गुदमरत असेल तर मात्र नळी निरुपयोगी. तिथं माइकवरचं पॅडचं बटण दाबा, नाहीतर मागे सरा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की सहाएक डेसिबल उतरतात. मागे सरायचं ते माइकनं, काकांनी नव्हे.

परवा एका दुकानदारानं ३२-बिट फ्लोटचं यंत्र दाखवलं. "साहेब, यात आवाज फाटतच नाही!" आकड्यांत नसेल फाटत. पण आकडे होण्याआधी वीज ज्या दारातून आत येते, त्या दाराची उंची ठरलेलीच असते आणि माहितीपुस्तिकेत छापलेलीही असते. ते पान काढा म्हटलं, तर त्यानं मला माइकची केसाळ टोपी दाखवली.