कोयता, पाणी आणि लेकीचे वय

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील कित्येक गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील उसाच्या फडांकडे निघतात. या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक कोयता. साहजिकच मुलाचे लग्न म्हणजे घराला आणखी एक कोयता, आणखी एक उचल. मुलीच्या आईबापांची धास्ती वेगळी. वयात आलेली लेक पाच-सहा महिने कोणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर न्यावी तर कोपीला ना दार, ना आडोसा. मग शाळा सुटते आणि अक्षता पडतात.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधील 20 ते 24 वयोगटातील दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे 44 जणींचा विवाह अठरा वर्षांच्या आत झालेला आढळला. राज्याचे प्रमाण 22च्या आसपास होते. कायदा मात्र सर्वत्र एकच!

कोवळ्या वयातील गर्भारपण, रक्तक्षय, पाळीतही खाडा करण्याची चोरी, हे सारे त्या अक्षतांमागून येते. 2019 मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत बीडच्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अनेकींची लग्ने किशोरवयातच झालेली होती.

यावर प्रबोधनाचे फलक लावून भागणार नाही. ऊसतोडीचा हंगाम आणि रब्बीचा हंगाम एकच. कोरडवाहू रानाला शेततळे, ठिबक आणि बियाणे वेळेवर मिळाले, ज्वारी-हरभऱ्याचे पीक हाती लागले, तर कुटुंब गावातच राहते आणि लेक आईच्या नजरेसमोर शाळेत जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाणी अडवले तेव्हा पोटासाठी परागंदा झालेली कुटुंबे परतली. पुढे याच गावाने विवाहापूर्वी एचआयव्ही तपासणी बंधनकारक केली. पोटाची भ्रांत मिटलेले गावच असा विचार करू शकते.

अर्थात मिळालेले पाणी पुन्हा उसालाच पाजायचे असेल (मराठवाड्यात तेही घडते), तर सारे मुसळ केरात. भूमिहीनांसाठी शेततळ्याचा उपयोग नाही. त्यांना शेळ्या, कोंबड्या आणि हंगामात गावातच रोजगार हमीची कामे हवीत. ही मदत पोहोचायची ती उचल वाटली जाण्यापूर्वी, म्हणजे पावसाळ्यातच. कृषी खात्याचे अनुदान मार्चअखेरीस मंजूर होते, तेव्हा कुटुंब फडावर असते.