फोन काढून घेऊ नका, खऱ्या-खोट्या कामातला फरक शिकवा

मागच्या वर्षी एका रात्री मलकापूरहून माझ्या खालाच्या मुलीचा फोन आला. "आपा, अम्मीला काही सांगू नकोस," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

ती बी.कॉम. झालेली. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी पाठवायला घरचे तयार नाहीत. मोहल्ल्यातल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जाहिरात आली होती, 'घरबसल्या काम, रोज दोन ते तीन हजार'. पाठवणारी ओळखीची भाभी, म्हणून शंका आली नाही. टेलिग्रामवर हॉटेलांना पाच स्टार द्यायचे, एवढंच काम. पहिल्या दिवशी खरोखर १५० रुपये खात्यात आले. मग 'प्रीपेड टास्क' सुरू झाले. हजार भरले, तेराशे परत मिळाले. पुढे पाच हजार, नऊ हजार आणि शेवटी साडेसतरा हजार भरले. परत काहीच आलं नाही. पैसे काढायचे तर आधी 'टॅक्स' भरा, असं सांगितलं गेलं. शिवणकामातून आणि भिशीतून जमवलेले साडेएकतीस हजार रुपये गेले.

मला तिनं सांगितलं ते चौथ्या दिवशी. आम्ही लगेच १९३० वर फोन करून तक्रार दिली. तोपर्यंत पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेलेला. जेमतेम दोन हजार एका खात्यात गोठवले गेले.

घरी कळलं तेव्हा खालूंनी तिचा फोन काढून घेतला. "ऑनलाइन काम म्हणजे चोरांचा धंदा," असा निकाल लागला. दोन महिन्यांनी, मी जिथलं काम करते त्या अकोल्याच्या सीए ऑफिसला हिशेबाच्या नोंदी करायला आणखी एक मुलगी हवी होती. काम घरूनच करायचं होतं आणि तिला ते नक्की जमलं असतं. पण तिच्याकडे फोनच नव्हता. माझ्या मते हे नुकसान साडेएकतीस हजारांपेक्षा मोठं आहे.

म्हणून 'ऑनलाइन कामापासून लांब राहा' असा सल्ला मी देणार नाही. बुलडाणा जिल्ह्यात शिकलेल्या मुलामुलींना पुरतील एवढ्या नोकऱ्या नाहीत. ज्या मुलींना गाव सोडता येत नाही, त्यांच्यासाठी घरून होणारं काम ही खरी संधी आहे. आपल्याला फक्त खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे ओळखता आलं पाहिजे.

मी स्वतः एक प्रश्न आधी विचारते : या कामाचा उपयोग कोणाला आहे आणि तो त्याचे पैसे का देईल? खामगावच्या दुकानदाराला जीएसटीसाठी बिलांच्या नोंदी लागतात, म्हणून तो पैसे देतो. शाळेला गणवेश लागतात, म्हणून शिवणाऱ्या बाईला मजुरी मिळते. पण कधी न पाहिलेल्या हॉटेलला स्टार देण्याचे कोणी रोज दोन हजार का देईल? या प्रश्नाला सरळ उत्तर नसेल तर ते काम नाही, आमिष आहे.

दुसरं म्हणजे पैसा कोणत्या दिशेनं जातो ते पाहा. नोकरीत तो मालकाकडून आपल्याकडे येतो. नोंदणी फी, आयकार्डाचे पैसे, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी अशा कोणत्याही नावानं आधी पैसे मागितले की तिथंच थांबा. पेन्सिल पॅकिंगच्या जाहिरातींत हेच होतं. आधी सहाशे-सातशे मागतात, मग कुरिअरचे, मग आणखी कशाचे तरी. माल कधीच येत नाही. हेही लक्षात ठेवा की यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपले पैसे जाणार.

सुरुवातीचे १५० रुपये का मिळतात? विश्वास बसावा म्हणून. ग्रुपमध्ये 'मला पैसे आले' असे स्क्रीनशॉट टाकणारे बहुतेक त्यांचीच माणसं असतात. त्यांच्या वेबसाइटवर दिसणारी तुमची 'कमाई' म्हणजे फक्त पडद्यावरचा आकडा.

फॉर्म भरण्याच्या कामातली फसवणूक वेगळी असते. आधी 'करार' करून घेतात. मग तुमच्या कामात चुका आहेत असं सांगून वकिलाच्या नावानं व्हॉट्सअॅपवर नोटीस पाठवतात आणि दंड मागतात. घाबरू नका. टायपिंगमध्ये चुका झाल्या म्हणून पोलीस कोणाला उचलत नाहीत. व्हिडिओ कॉलवर होणारी 'डिजिटल अरेस्ट' तर कायद्यात कुठेच नाही.

खऱ्या कामात आधी मुलाखत होते, कामाचे तास आणि पगार लेखी मिळतात. कंपनी कार्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव शोधा. पण नाव सापडलं म्हणजे झालं, असं समजू नका. ठग खऱ्या कंपन्यांची नावं वापरतात. कंपनीचा नंबर स्वतः शोधून फोन करा, त्यांनी दिलेल्या नंबरवर नको. पगारासाठी पॅन आणि खाते क्रमांक लागतो. ओटीपी, पिन, एटीएम कार्ड किंवा सिम कोणत्याही मालकाला लागत नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर आणि राज्याच्या महास्वयंवर नोंदणी मोफत आहे, तिथून सुरुवात करा. खरं काम बहुधा कंटाळवाणं असतं आणि सुरुवातीला पैसे कमी मिळतात. मला पहिल्या महिन्यात चार हजार मिळाले होते. पण ते ठरल्या तारखेला मिळाले.

आता मुलांशी थोडं बोलायचं आहे. 'तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार घे,' अशी ऑफर चहाच्या टपरीवर मिळते. ओळखीतला कोणीतरीच ती आणतो. माझ्या खालाच्या मुलीचे पैसे अशाच कोणाच्या तरी खात्यांतून पुढे गेले. पोलीस माग काढत आधी त्या खातेदाराच्या दारात येतात. खातं गोठतं, गुन्ह्यात नाव येतं. कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्याच्या भिशीचे पैसे पळवायला मदत करून मिळालेले पाच हजार हलाल कसे होतील?

हा धंदा मोठा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अशा टास्कच्या आणि गुंतवणुकीच्या शंभराहून जास्त वेबसाइट बंद केल्या. त्या परदेशातून चालवल्या जात होत्या. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या सायबर ठगीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणलं गेलं. त्यांनाही नोकरीचंच आमिष दाखवून नेलं होतं आणि तिथं लोकांना फसवायला लावलं होतं. म्हणजे तिकडून गोड बोलणारा माणूसही कधी कधी अशाच जाहिरातीला फसलेला असतो.

एवढ्या मोठ्या टोळीपुढे वीस वर्षांची मुलगी फसली, तर तिला मूर्ख म्हणू नका. तिनं चार दिवस गप्प राहून काढले, कारण तिला ठगांपेक्षा घरच्यांची भीती जास्त वाटत होती. पहिल्या तासा-दोन तासांत १९३० वर फोन गेला, तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता बरीच वाढते. त्या भीतीनं तो वेळ वाया घालवला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. स्वतः तपासल्याशिवाय कामाची जाहिरात ग्रुपवर पुढे पाठवू नका. लोक जाहिरातीवर नाही, पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतात. मोहल्ल्याच्या बैठकीत, बचत गटात, मशिदीच्या फलकावर १९३० हा नंबर लिहा. आणि घरात लहान बहिणीला आजच सांगा, "काही झालं तर आधी मला सांग, मी रागावणार नाही." तिनं सांगितलंच, तर खरंच रागावू नका.

गेल्या महिन्यात मी मलकापूरला गेले होते. खालूंशी दोन तास बोलले. माझ्या पगाराच्या नोंदी दाखवल्या, काम कसं चालतं ते दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बघू." फोन अजून कपाटातच आहे. पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाणार आहे.