घोडा, मिरची आणि तुमचा फोन

शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये चहाचे कप आले, की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. ‘ए, माझा फोन आत्ता विकला तर किती येतील रे?’ विचारणाऱ्याचं आतून ठरलेलं असतं. नवा फोन घ्यायचाच असतो, फक्त मनाला पटेल असा हिशेब कुणीतरी करून द्यायला हवा असतो! मग टेबलावरचे चार जण चार आकडे सांगतात. एक म्हणतो, ‘लगेच वीक.’ दुसरी म्हणते, ‘थांब, दिवाळीला एक्स्चेंज ऑफर येईल.’ तेवढ्यात चहा संपतो, मीटिंगचं रिमाइंडर वाजतं आणि फोन पुन्हा खिशात जातो.

आमचं मूळ गाव शहाद्याकडचं, नंदुरबार जिल्ह्यातलं. त्यामुळे हातबदल होताना भाव कसा ठरतो, याचं शिक्षण मला शाळेत असतानाच मिळालं, तेही फुकटात. कुठे? तर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात. तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि राजस्थान, गुजरात, पंजाबपासूनचे घोडे येतात. आता ‘चेतक फेस्टिव्हल’मुळे शहरातली मंडळीही कॅमेरे घेऊन जायला लागलीत. आम्ही लहानपणी जायचो ते जिलेबी खायला आणि सौदे बघायला.

तिथला गिऱ्हाईक कसा असतो ते बघाच. आधी घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, कारण दातांवरून वय कळतं. मग अंगावरचे भोवरे कुठे आहेत ते बघतो. मग रंग, उंची. शेवटी चाल. मालक कितीही गोड बोलला, तरी घोडा पळवून दाखवल्याशिवाय पैशाची गोष्ट होत नाही. आणि आपण? पंधरा हजारांचा सेकंडहँड फोन ‘कंडिशन मस्त आहे, भाऊ’ एवढ्यावर घेऊन मोकळे होतो!

फोनलाही दात असतात, मंडळी. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ असते, ती बघा. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलची बॅटरी ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी, असा अॅपलचा हिशेब आहे. आयफोन १५ पासून तो १,००० वर गेला. म्हणजे दोन्ही फोन बाहेरून सारखेच चकचकीत असले, तरी दातांत फरक आहे. दुसरा दात म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ म्हणून सांगितलं. सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत गॅलॅक्सी एस२४ साठी तेच सांगितलं. स्वस्त मॉडेलना इतकं आयुष्य सहसा मिळत नाही. दोन वर्षं वापरलेल्या फोनला पुढे पाच वर्षं अपडेट मिळणार असतील, तर त्याचा भाव टिकतो. सहा महिनेच मिळणार असतील, तर घेणारा मान फिरवतो. आयफोनचा भाव का टिकतो, यात नावाचा भाग आहेच, पण बरीच वर्षं मिळणाऱ्या अपडेटचाही मोठा वाटा आहे.

इथपर्यंत घोडा आणि फोन बरोबर चालतात. पुढे मात्र वाट वेगळी होते. घोड्याला शिकवलं, चाल बसवली, लग्नात नाचायला तयार केलं, की त्याचा भाव वाढतो. दोन वर्षांचं शिंगरू आणि पाच वर्षांचा तयार घोडा यांची किंमत एक नसते. फोनचं तसं होत नाही. तुम्ही त्याला कितीही महागडं कव्हर घाला, खोका उघडला त्या क्षणापासून भाव उतरायला लागतो. तेव्हा फोन घोडा नाही, फोन म्हणजे ओली मिरची!

नंदुरबारची मिरची माहीत असेलच. हंगामात बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांच्या रांगा लागतात. पुढे व्यापारी ती मोकळ्या मैदानावर पथारीत वाळवतात, जमीन लाल दिसते अगदी. पण शेतकऱ्याकडे ओली मिरची असते, आणि ‘पुढच्या आठवड्यात भाव चढेल’ म्हणून ती ठेवता येत नाही. वजन घटतं, माल सडतो, मध्येच अवकाळी पाऊस आला तर संपलंच. तोडली की विकायची. वापरायचा बंद केलेला फोन हा तोडलेल्या मिरचीसारखाच असतो.

मग विकायचा कधी? सोप्पं आहे. त्याच घराण्यातलं नवं मॉडेल यायच्या आधी. आयफोनचं उदाहरण घ्या. आयफोन १५ सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत ७९,९०० रुपये होती. सप्टेंबर २०२४ मध्ये १६ आला आणि नव्याकोऱ्या १५ ची किंमत ६९,९०० झाली. पुढच्या वर्षी १७ आल्यावर १६ चंही तेच झालं, पुन्हा दहा हजारांनी कमी. आता कोरा फोनच दहा हजारांनी उतरला, तर तुमचा वर्षभर वापरलेला कोण जुन्या भावात घेईल? नवा आयफोन सप्टेंबरात येतो, हे आता बाळसुद्धा सांगेल. तेव्हा विकायचाच असेल तर ऑगस्टमध्ये विका. सॅमसंगचा एस घराण्यातला फोन वर्षाच्या सुरुवातीला येतो, त्याचा सौदा डिसेंबरातच उरका. लाँच झाल्यावर जाहिरात टाकणं म्हणजे वरातीमागून घोडं. तेव्हा तुमच्यासारखे सगळेच विकायला निघालेले असतात.

दुसरी वेळ वॉरंटीची. वॉरंटीचे दोन महिने शिल्लक असलेला फोन आणि वॉरंटी कालच संपलेला फोन यांत मशीनचा काहीच फरक नसतो, पण घेणाऱ्याच्या मनाचा असतो. बिल, खोका आणि चार्जर जपून ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे तंत्र बदलतं तेव्हाची. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि सगळ्यांना फोरजी हवं झालं. नुसत्या थ्रीजीवर चालणाऱ्या चांगल्या फोनकडे कुणी बघेना. ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्हजी सुरू झालं. त्यानंतर सेकंडहँड फोन घेणाऱ्याचा पहिला प्रश्न काय झाला ते सांगायला नको. असा बदल एका रात्रीत येत नाही, वर्षभर आधीपासून बातम्या येत असतात. वाचायच्या तेवढ्या आपण.

आता जरा वहीवरचा हिशेब. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत. तुम्ही ३०,००० चा फोन घेतला आणि दोन वर्षांनी १२,००० ला विकला. गेले १८,०००, म्हणजे महिन्याला ७५०. तुमच्या मैत्रिणीने ८०,००० चा घेतला आणि दोन वर्षांनी ४४,००० ला विकला. ती तुम्हाला ऐकवणार, ‘बघ, माझे ५५ टक्के परत आले, तुझे ४० च!’ खरंय. पण तिचे गेले ३६,०००, महिन्याला १,५००. तुमच्या बरोब्बर दुप्पट! ‘रिसेल चांगली आहे’ म्हणून महाग फोन घेताना आपण नेमके इथेच फसतो. टक्के परत येतात, खर्च मात्र रुपयांत होतो.

आणि तुम्ही तोच ३०,००० चा फोन चार वर्षं वापरला तर? मध्ये २,००० घालून बॅटरी बदलली आणि शेवटी ३,००० आले असं धरू. एकूण गेले २९,०००. महिन्याला सहाशेच्या आसपास. म्हणजे फोन विकायची सगळ्यात भारी वेळ शोधणारा हुशार गडी आणि चार वर्षं मुकाट्याने वापरणारा आळशी गडी, यांत आळशीच जिंकला! पहिल्या दोन वर्षांत भाव धाडकन पडतो, नंतर हळू पडतो. महागडा काळ तर तुम्ही भोगून झालात, मग स्वस्त काळ दुसऱ्याला का देताय? फक्त सिक्युरिटी अपडेट बंद झाले, की मोह आवरा. ज्या फोनवर बँक आहे, तो उघड्या दाराचा नको.

२००३ साली नोकिया ११०० आला, तेव्हा ही भानगडच नव्हती. फोन हरवेपर्यंत किंवा फुटेपर्यंत वापरायचा. त्यात फोन नंबर, साप आणि टॉर्च याशिवाय होतंच काय! आता सगळं घरदार आत असतं. देशातलं पहिलं आधार वाटप २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात झालं. तेव्हा तो कागदावरचा एक नंबर होता. आज त्या नंबराचा ओटीपी फोनवर येतो, यूपीआय फोनवर, पगाराची स्लिप फोनवर. म्हणून विकण्याआधी बॅकअप घ्या, यूपीआयची अॅप्स बंद करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर न्या. मग गुगल किंवा अॅपल अकाउंटमधून साइन आउट करा आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. क्रम चुकवू नका. साइन आउट न करता रीसेट केलात, तर फोन नव्या मालकाला तुमचाच पासवर्ड मागत बसेल आणि रात्री अकराला त्याचा फोन तुम्हालाच येईल.

आता हे सगळं का सांगतोय ते सांगतो. माझा मामेभाऊ तळोद्याला कॉलेजात होता. सुटीत काम करून त्याने आठ हजार साठवले आणि ओळखीच्याच्या ओळखीतून एक सेकंडहँड फोन घेतला. बिल नाही, खोका नाही. ‘दादा, एकदम नव्यासारखा आहे!’ म्हणून मला फोटो पाठवला. दोन महिन्यांनी नेटवर्क गेलं ते गेलंच. फोन चोरीचा होता, मूळ मालकाने तक्रार केली होती आणि आयएमईआय ब्लॉक झाला होता. पैसे गेले, वर पोलीस ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागला तो वेगळाच. मामी आठवडाभर जेवली नाही नीट.

दोन मिनिटांत टळलं असतं हे. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवायचा. सरकारच्या ‘संचार साथी’ वेबसाइटवरही तपासता येतं, ती मे २०२३ मध्ये सुरू झाली. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात, असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघायचं. विकणाऱ्याने स्वतःहून बिल दाखवावं, ही तर साधी माणुसकी आहे.

आणि माझं काय? ज्या वर्षी तो आठ हजार जमवत होता, त्याच वर्षी माझा जुना, चांगला चालणारा फोन पुण्यात माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. अकरा हजारांना मागितला होता एकाने. मी म्हटलं, थांबू, तेरा येतील. सहा महिन्यांनी सात सांगितले, मी रागावून पुन्हा ठेवून दिला. वर्षाने चार. घोडेबाजार पाहून वाढलेला मी, ओली मिरची कोठारात ठेवून बसलो होतो. भावाला विचारायचं तर सुचलंसुद्धा नाही. त्याने मागितला नाही आणि मी सांगितला नाही.

शेवटी बॅटरी बदलली, बिल शोधून काढलं आणि यात्रेला गेलो तेव्हा फोन त्याच्या हातात ठेवला. पठ्ठ्याने आधी आयएमईआय तपासला, मेसेजचं उत्तर येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही, मग बॅटरी हेल्थ बघितली. ‘किती द्यायचे, दादा?’ म्हणाला. मी म्हटलं, जिलेबी घाल.

तर मंडळी, या वीकेंडला एक काम करा. वापरताय तो फोन आणखी वर्षभर वापरा. आणि ड्रॉवर उघडून आत पडलाय त्याचं काय करायचं ते रविवार संध्याकाळच्या आत ठरवा. विकायचा तर विका, द्यायचा तर आधी घरच्यांना विचारा. तेरा हजार काही येत नाहीत, लिहून घ्या!