कांचेच्या टाकीचा घाम आणि तिची घडवंची

आषाढ लागला कीं ज्या घरांत मासोळ्यांची कांचेची टाकी आहे, त्या घरांत बहुधा एक वाद सुरू होतो. टाकीखालचें लाकूड ओलें लागतें. फडक्यानें पुसावें तों घटकाभरांत पुनः ओलें. कोणी म्हणतो टाकी गळते, कोणी म्हणतो मुलें पाणी उडवितात. आमच्या परिचयाच्या दादर येथील एका कुटुंबांत हा आळ धाकट्या नातवावर आला. "खाऊ घालतांना हात बुडवूं नकोस म्हणून किती वेळां सांगितलें रे!" असें आजींनीं म्हणावें, आणि "मीं नाहीं हो आजी" म्हणून त्यानें रडकुंडीस यावें, असा क्रम पंधरा दिवस चालला. पुढें दुकानदाराच्या माणसानें टाकी रिकामी करून चारहि सांध्यांत नवें सिलिकॉन भरलें. त्या घालमेलींत दोन मासे दगावले. पाणी मात्र पूर्ववत्, आणि दिवाळीच्या सुमारास घडवंचीच्या फळीची एक कड पोळीसारखी फुगून आली.

मुलगा निर्दोष होता आणि सांधेहि निर्दोष होते. तें पाणी टाकींतलें नव्हतेंच. तें हवेंतलें होतें. फ्रिजमधील पाणी पितळेच्या तांब्यांत ओतलें कीं तांब्यास बाहेरून घाम सुटतो, तोच हा प्रकार. माठाचा ओलावा आंतून पाझरतो. कांच पाझरत नाहीं. दमट हवा थंड पृष्ठभागास लागून विवक्षित उष्णमानाखालीं गेली कीं तींतील बाष्पाचें पाणी होतें. त्या उष्णमानास दवबिंदु म्हणतात. (अमरकोशांत दंवाला 'अवश्याय' असा सुंदर शब्द आहे, तो मागें पडला याचें आम्हांस वाईट वाटतें.) हवेचें उष्णमान २९ अंश आणि आर्द्रता शेंकडा ८५ असली, म्हणजे दवबिंदु सुमारें २६ अंशांवर येतो. मुंबईच्या पावसाळ्यांत अशी हवा नित्याचीच. वरील घरीं दिवाणखान्यांतला एसी रात्रभर २४ अंशांवर चाले, टाकींतलें पाणीहि तितकेंच निवे, आणि सकाळीं खिडक्या उघडल्या कीं बाहेरची हवा त्या थंड कांचेवर येऊन पाणी सोडी. इतकें पाणी पुनः कोमट व्हावयास कित्येक तास लागतात. तोंवर ओघळ थांबत नाहींत.

आपल्या घरीं गळती आहे कीं घाम, हें ठरविण्यास कारागीर नको. टाकींतलें पाणी स्टीलच्या पेल्यांत घेऊन, पेला बाहेरून कोरडा पुसून टाकीशेजारीं ठेवावा. थोड्याच वेळांत पेल्यावरहि धुरकटपणा आला तर दोष हवेचा. पेला कोरडा राहून टाकीच्या एकाच कोपऱ्यांतून ओघळ येत असेल, तर मात्र सांधा तपासावा.

तिसराहि एक प्रकार आहे, आणि तो पुण्याकडे अधिक. तेथें पावसाळ्यांत हवा गार असते व माशांसाठीं हीटर लावून पाणी २७-२८ अंशांवर ठेवलेलें असतें. अशा वेळीं कांच बाहेरून कोरडी राहते, पण वाफ झांकणाच्या खालच्या बाजूस जमून कडेवरून बाहेर उतरते. येथें उपाय झांकणाचा: झांकण टाकीच्या कांठावर न ठेवतां कांठाच्या आंत, आधारांवर किंचित् उतरतें बसवावें, म्हणजे थेंब टाकींतच परततात. उलट दादरच्या घरीं हीटरच औषध ठरला. पाणी २७ अंशांखालीं जाऊं दिलें नाहीं कीं घाम सुटण्याचें कारणच उरत नाहीं, आणि उष्ण प्रदेशांतील बहुतेक शोभेच्या माशांस तें मानवतेंहि. गोल्डफिशला मात्र इतकी ऊब नको. त्यांच्यासाठीं एसीच बेतानें लावावा. नुसता पंखा सोडून फारसें साधत नाहीं, कारण तोहि तीच दमट हवा कांचेवर आणतो. मागची कांच भिंतीकडे असल्यानें पुसतां येत नाहीं, म्हणून तिला थर्मोकोलची शीट घट्ट चिकटवावी.

आतां घडवंचीविषयीं. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकींत सुमारें ७० लिटर पाणी मावतें. कांच, वाळू व दगड धरून भार ९० किलोंच्या घरांत जातो. बाजारांतल्या पुष्कळशा घडवंच्या लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या असतात. त्यांचा वरचा मुलामा चकचकीत असतो, पण पाणी कडांतून व स्क्रूच्या भोंकांतून शिरतें, आणि एकदां फुगलेली फळी वाळली तरी तिचें मूळ बळ परत येत नाहीं. अशी फळी रंगवून झांकण्याचा मोह गृहस्थांनीं टाळावा. ती बदलावीच, आणि बदलतांना टाकी रिकामी करावी. नवी करवून घ्यावयाची तर सुतारास आयएस ७१० शिक्क्याचें मरीन प्लायवुड सांगावें. सागवान असो वा प्लायवुड, कापलेल्या टोकांस तेल-रंगाचे दोन-तीन हात द्यावेच. लाकूड पाणी पितें तें मुख्यतः तेथूनच. टाकीखालचा फोम टाकीच्या बाहेर डोकावूं नये, नाहीं तर तो स्पंजासारखा ओला राहतो. घाम सुटतो त्या दिवसांत टाकीच्या पायथ्याशीं जुन्या धोतराची घडी ठेवावी व सकाळ-संध्याकाळ बदलावी. ओली घडी रात्रभर तशीच ठेवणें हें घडी न ठेवण्याहून वाईट. पायांखालीं रबराचे बूच, आणि भिंतीपासून चार बोटें अंतर, इतकें पुरे.

घडवंची खचते आहे कीं काय, हें खुद्द पाणीच सांगतें. पाण्याची पातळी समोरच्या कांचेच्या दोन्ही टोकांस कागदाच्या चिकटपट्टीनें आंखून ठेवावी. बाष्पीभवनानें पातळी दोन्हीकडे सारखीच उतरेल. एकीकडे रेघेपासून अधिक दूर गेली, तर त्याच दिवशीं टाकी उपसावयास घ्यावी. ज्या घरांत रांगतीं मुलें आहेत, त्यांनीं यांत दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.

पंपाची व हीटरची वायर प्लगपर्यंत सरळ ताणूं नये. ती प्लगच्या खालीं वीतभर लोंबूं देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून उतरणारा थेंब त्या झोळापाशींच गळून पडतो.