फास्टॅग काचेवरच का?

पाहुण्यांना आणायला आपण आउटर रिंग रोडने शमशाबादच्या विमानतळावर किती वेळा जातो! टोलनाक्यावर दांडा वर जातो, पैसे कापल्याचा मेसेज येतो, गाडी पुढे. पण हा फास्टॅग काचेवरच का लावायचा, बॉनेटवर का नाही, असं घरातल्या शाळकरी पोराने विचारलं तर? साध्या टॅगला पत्रा सोसत नाही, हे त्याचं उत्तर. आपल्या शहरातल्या औषधांच्या गोदामांची अडचणही नेमकी हीच आहे.

फास्टॅग म्हणजे आरएफआयडी. आत एक बारीक चिप आणि तिला जोडलेला पातळ अँटेना, बॅटरी नाहीच. रीडरकडून रेडिओ लहरी आल्या की त्यांच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत कळवते. गोदामात असे रीडर दारालाच बसवतात. खोक्यांनी रचलेलं पॅलेट घेऊन फोर्कलिफ्ट आत शिरली, की कोणती खोकी आली याची नोंद आपोआप होते. बारकोड असेल तर एकेक खोकं स्कॅनरला दाखवा, खालचं दिसत नसेल तर वरची उतरवा.

कपड्यांना हे तंत्र छान मानवतं. डेकॅथलॉनमध्ये टोपलीतल्या वस्तू एकदम मोजल्या जातात, ते तुम्ही पाहिलं असेलच. अमेरिकेत वॉलमार्टने २००३ साली आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना सांगितलं, की २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर टॅग हवेत. गाजावाजा पुष्कळ झाला, पण द्रवाच्या बाटल्या आणि धातूचे डबे आले की वाचन चुकायचं. धातू लहरी परतवून लावतो आणि पाणी त्या गिळून टाकतं.

आता हैदराबादचा माल आठवा. गोळ्यांच्या पट्टीला ॲल्युमिनियमचं आवरण, सिरप पातळ, जीनोम व्हॅलीतल्या लशीही पातळच! त्यामुळे पॅलेटच्या मधोमध दडलेलं खोकं वाचायचं राहतं. उलट शेजारच्या दारात नुसता उभा असलेला माल आपल्या हिशेबात येतो. चपलांच्या गोदामात अशी चूक झाली तर महिनाअखेरीच्या मोजदादीत सापडेल. औषधाच्या एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला, तर तिची खोकी कुठे कुठे गेली हे तासाभरात कळायला हवं. तिथे न वाचलेलं एक खोकंही कुणाच्या तरी घरात पोचतं.

आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. छापील कोड स्वस्त आणि फोनवरही वाचता येतो. पण खोक्यांच्या पातळीवर आरएफआयडीला तोड नाही. फक्त टॅग बाहेरच्या पुठ्ठ्यावर, आतल्या फॉइलपासून थोडा दूर लावावा लागतो आणि प्रत्येक दाराच्या रीडरची ताकद बेताने ठेवावी लागते. शिवाय यंत्र टॅग मोजतं, औषध नाही. टॅग लावलेलं रिकामं खोकंही त्याला भरलेलंच वाटतं, म्हणून वजनकाटा हवाच.

आपल्यातली बरीच मुलंमुली आता याच क्षेत्रात नोकरीला आहेत. विक्रेते प्रात्यक्षिक दाखवायला येतात, तेव्हा बहुधा रिकामी किंवा कपड्यांची खोकी आणतात आणि सगळे टॅग पटापट वाचले जातात. त्यांना आपल्याच गोदामातलं सिरपचं पॅलेट द्या आणि मधल्या थरातली खोकी मोजायला सांगा.